पाणी विकून पाणी वाचते काय?

'पाणी फुकट मिळते म्हणून ते वाया जाते. त्याला भाव येऊ द्या, म्हणजे लोक आपोआप काटकसर शिकतील,' हे विधान गेल्या वीस-पंचवीस वर्षांत इतक्या व्यासपीठांवरून झाले आहे की, ते तपासून पाहण्याची गरजच आता कोणाला वाटेनाशी झाली आहे. जलहक्कांची खरेदी-विक्री हे या विधानाचे पुढचे पाऊल. प्रत्येक शेतकऱ्याला, कारखान्याला आणि नगरपालिकेला पाण्याचा ठरावीक हक्क द्यावा, तो मोजून द्यावा, आणि ज्याला नको असेल त्याने तो हवा असणाऱ्याला विकावा. मग पाणी कमी मोलाच्या पिकाकडून अधिक मोलाच्या पिकाकडे, शेताकडून कारखान्याकडे आपोआप वळेल, विकणाऱ्याच्या पदरी पैसा पडेल, घेणाऱ्याची गरज भागेल आणि देशाचा विकासही शाश्वत होईल, असे सांगितले जाते. कागदावर ही मांडणी इतकी नेटकी दिसते की, तिला हरकत घेणारा मनुष्य एक तर भाबडा ठरतो किंवा जुन्या काळात अडकलेला. प्रस्तुत लेखक हे दोन्ही आरोप पत्करून असे म्हणू इच्छितो की, या मांडणीत एक शब्द हळूच बदलून घेतलेला आहे. पाणी वाचणे आणि पाण्यातून अधिक पैसा निघणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाजार दुसरी करतो. पहिली करते ती मर्यादा. नदीतून आणि भूगर्भातून किती उचलायचे याची अगोदर ठरवलेली आणि पाळली जाणारी मर्यादा.

साहित्यसंस्थेच्या पत्रिकेत हा विषय कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. आपली घराणी दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी ज्या गावांत येऊन स्थिरावली, ती गावे आता महानगरे झाली आहेत, आणि त्यांतील बहुतेक दूरच्या नदीचे पाणी पितात. इंदूरकरांच्या घरी १९७८ पासून नर्मदा येते, तीही विंध्याची चढण चढवून आणलेली. वडोदऱ्याला सयाजीराव महाराजांनी बांधलेला आजव्याचा तलाव एकेकाळी पुरत असे. आता त्याच्या जोडीला मही आणि नर्मदा लागतात. पाण्याचा बाजार भरलाच तर आपण त्यात गिऱ्हाईक म्हणून उभे राहणार आहोत, आणि पैसेवाले गिऱ्हाईक म्हणून. तेव्हा या सौद्यात आपल्या समोरच्या बाजूला कोण बसले आहे, हे पाहणे आपल्याला टाळता येणार नाही.

बाजाराच्या बाजूची सर्वांत भक्कम साक्ष ऑस्ट्रेलियाची आहे, म्हणून तीच आधी घेऊ; दुबळे उदाहरण निवडून त्याला लोळवण्यात काही पुरुषार्थ नाही. मरे आणि डार्लिंग या नद्यांचे खोरे महाराष्ट्राच्या तिपटीहून मोठे आहे. १९९४ मध्ये तेथील केंद्र आणि राज्य सरकारांनी मिळून जमिनीचा हक्क आणि पाण्याचा हक्क वेगळे करण्याचे व पाण्याच्या हक्काची खरेदी-विक्री मोकळी करण्याचे ठरवले. पुढे १९९७ ते २००९ असे दीर्घ अवर्षण आले, आणि त्यात या बाजाराने काम केले हे मान्यच केले पाहिजे. भात पिकवणाऱ्यांनी अनेक वर्षे पेरणीच केली नाही. आपल्या वाट्याचे पाणी त्यांनी द्राक्षांच्या आणि फळांच्या बागा असणाऱ्यांना विकले. भाताचे शेत एक वर्ष पडीक राहिले तरी पुढल्या वर्षी पिकते, पण वीस वर्षांची बाग एकदा वाळली की ती गेलीच. सिंचनाचे पाणी दोन-तृतीयांशांच्या आसपास घटले असतानाही बागायती शेतीच्या एकूण उत्पन्नाची घट त्या मानाने पुष्कळच कमी राहिली. संकटकाळात थोडे पाणी कोठे न्यावे, या प्रश्नाचे उत्तर बाजाराने सरकारी कचेरीपेक्षा लवकर दिले, एवढे श्रेय त्याला द्यायला कोणाचीच हरकत नसावी.

पण याच गोष्टीचा आरंभीचा भाग सहसा सांगितला जात नाही. त्या खोऱ्यात शेकडो लोकांकडे पाणी उचलण्याचे जुने परवाने होते, आणि ते पाणी ते उचलत नव्हते. कोणाचा पंप बसलेला नव्हता, कोणाला गरज नव्हती. अशा परवान्यांना तेथे 'झोपलेले परवाने' म्हणत. विक्री मोकळी झाली, भाव आला आणि झोपलेले परवाने खडबडून जागे झाले. ज्याने आयुष्यात कधी पाट काढला नव्हता त्याने आपला हक्क विकला आणि विकत घेणाऱ्याने तो थेंबाथेंबाने वसूल केला. जे पाणी कोणाच्याही हिशेबात न धरता नदीत राहत होते, ते बाजारामुळे नदीबाहेर पडले. १९९५ मध्ये १९९३-९४ च्या पातळीवर उपशाची कमाल मर्यादा घालण्यात आली म्हणून निदान तेथे थांबले. तीही मर्यादा नदीला पुरेशी नव्हती. अखेर २००७ चा जल अधिनियम आणि २०१२ चा खोरे आराखडा आणून सरकारला नदीसाठी पाणी परत विकत घ्यावे लागले. त्या सगळ्या कार्यक्रमाचा खर्च सुमारे १३ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर सांगितला जातो. आजोबांना परवाना मिळाला तो नाममात्र शुल्कावर. नातवाकडून तो परत घेतला जनतेच्या तिजोरीतून. एवढे करूनही २०१८-१९ च्या तिकडील उन्हाळ्यात मेनिंडी येथे डार्लिंग नदीत लाखो मासे मरून तरंगले. कारणे एकाहून अधिक होती, पण नदीत पुरेसे पाणीच उरले नव्हते हे मुळाशी होते. २०२१ मध्ये तेथील स्पर्धा आयोगाने या बाजाराची चौकशी पूर्ण केली, तेव्हा दलालांवर पुरेसे नियम नाहीत, व्यवहारांची माहिती विश्वासार्ह नाही, असे निष्कर्ष काढले. जगातील सर्वांत प्रगत म्हणून दाखवल्या जाणाऱ्या जलबाजाराची ही कथा आहे.

आता 'कार्यक्षमता' या शब्दाकडे वळू, कारण येथेच ग्यानबाची मेख आहे. पाटाचे पाणी झिरपते, ते वाया जाते, म्हणून पाटाला अस्तर करावे, ठिबक बसवावे, आणि जे वाचेल ते विकावे, असा हिशेब मांडला जातो. आपल्याकडच्या कोणत्याही लाभक्षेत्रात फिरलेल्या माणसाला ठाऊक असते की, आवर्तन सुटले की आठ-पंधरा दिवसांत पाटाच्या खालच्या अंगाच्या विहिरींना पाणी चढते. वरच्या शेतातून झिरपलेले पाणी खालच्या विहिरीत, ओढ्यात, पुढल्या गावच्या बंधाऱ्यात उतरलेले असते. समजा, एक शेतकरी पाटातून १०० माप पाणी घेतो. त्यातले ६० पीक पिते आणि उन्हाने उडते, ४० जमिनीत मुरून खाली जाते. त्याने ठिबक बसवले आणि ६० मापांत तेच पीक काढले. उरलेले ४० त्याने कारखान्याला विकले, आणि कारखान्याने ते वाफ करून आकाशात सोडले. कागदावर सगळेच जिंकले. शेतकऱ्याची कार्यक्षमता साठ टक्क्यांवरून शंभरावर गेली, कारखाना चालला, दरमाणशी उत्पन्न वाढले. प्रत्यक्षात पूर्वी खोऱ्यातून ६० माप पाणी नाहीसे होत होते, आता १०० होते. आणि ज्याच्या विहिरीला ते ४० माप मिळत होते त्याची विहीर आटली. त्याचे पाणी विकले गेले, त्याला न विचारता, आणि त्याच्या नावाची पावतीही फाटली नाही. हा काही कल्पनेचा खेळ नव्हे. ठिबक आल्यावर अनेक ठिकाणी शेतकऱ्याने वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर भिजवले आणि खोऱ्याचा एकूण उपसा घटण्याऐवजी वाढला, हे जगभर दिसून आले आहे. त्यात शेतकऱ्याचा दोष नाही. त्याला कोणी मर्यादा सांगितलेलीच नव्हती.

चीनने हाच मार्ग मोठ्या प्रमाणावर चोखाळला आहे. २००० मध्ये झेजियांग प्रांतात दोंगयांग शहराने आपल्या जलाशयातील दरसाल ५ कोटी घनमीटर पाण्याचा वापरहक्क शेजारच्या यिवू शहराला २० कोटी युआनला दिला. तिकडच्या जलहक्कव्यापाराचा तो आरंभ मानला जातो. पुढे पीत नदीच्या काठी, निंगशिया आणि अंतर्मंगोलियात, कारखान्यांनी शेतीच्या कालव्यांना अस्तर करून द्यायचे आणि 'वाचलेले' पाणी स्वतः घ्यायचे अशी पद्धत पडली. २०१४ मध्ये सात प्रांतांत प्रयोग म्हणून हा व्यापार सुरू झाला, आणि २०१६ मध्ये बीजिंगमध्ये पाण्याचा राष्ट्रीय विनिमयमंचही उघडला. अभ्यासक आकडेवारीने दाखवतात की, या प्रांतांत एकेक युआन उत्पन्नामागे लागणारे पाणी कमी झाले. असेलही. पण २०१२ मध्येच चीनच्या सरकारने साऱ्या देशाच्या पाणीवापराला कमाल मर्यादा घातली होती: २०३० पर्यंत ७०० अब्ज घनमीटरांच्या वर जायचे नाही, आणि तिचे हिस्से प्रांताप्रांतांना बांधून दिलेले. घराला कुलूप लावले आणि त्याच दिवशी दारावर गणपतीही बसवला. पुढे चोरी झाली नाही, तर श्रेय कोणाला द्यायचे? भाविकाने गणपतीला द्यावे, पण कुलूप काढून पाहण्याचे धाडस त्यानेही करू नये.

आपल्या शेजारी तर अशा बाजाराचा अनुभव चाळीस-पन्नास वर्षांचा आहे. गुजरातेत खेडा, आणंद, मेहसाणा या भागांत कूपनलिकेचे पाणी तासावर किंवा पिकाच्या वाट्यावर विकण्याची पद्धत कोणत्याही कायद्याशिवाय रूढ झाली. शेतकऱ्यांनी भागीदारीत कूपनलिका खणल्या आणि शेजाऱ्यांना पाणी विकले. यात एक गोष्ट चांगली झाली: ज्याची ऐपत विहीर खणण्याची नव्हती त्या लहान शेतकऱ्यालाही पाणी मिळू लागले. १९८७ च्या सुमारास तेथे शेतीपंपांची वीज मोजून देणे बंद होऊन अश्वशक्तीवर ठोक आकारणी सुरू झाली. एकदा ठोक रक्कम भरली की पुढचा प्रत्येक तास पंपवाल्याला फुकटच. तेव्हा जितके विकता येईल तितके विकणे हाच शहाणपणा ठरला. बाजार उत्तम चालला, भाव उतरला, गरिबाला पाणी मिळाले, आणि उत्तर गुजरातेत भूजलाची पातळी वर्षानुवर्षे पाताळाकडे सरकत राहिली. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? २००३ ते २००६ या काळात ज्योतिग्राम योजना आली, गावठाणाची वीज आणि शेतीपंपाची वीज वेगळी झाली आणि पंपाला दिवसाकाठी ठरलेले आठ तास मिळू लागले. तेव्हा कोठे उपशाला लगाम बसला. हा लगाम भावाने घातलेला नव्हता, तासांनी घातलेला होता.

येथे बाजाराचा कैवार घेणारा एक उलटा प्रश्न विचारतो, आणि तो रास्त आहे. 'सरकारी वाटपात तरी कोणता न्याय होतो?' हैदराबादकर वाचकांना मांजरेची हकीकत ठाऊक आहे. ही नदी बीड जिल्ह्यात उगम पावते, लातूरजवळून वाहते आणि तेलंगणात शिरते. १९३१ मध्ये बांधून झालेल्या निझामसागरावर निझामाबादची शेती उभी होती. पुढे तिच्या वरच्या अंगाला सिंगूरचे धरण झाले आणि त्यातले पाणी हैदराबादच्या नळांकडे वळले. खालच्या शेतकऱ्याला त्यासाठी कोणी छदाम दिला नाही. बाजार असता तर निदान किंमत मिळाली असती, असे म्हणणाऱ्याला उत्तर देणे भाग आहे. माझे उत्तर असे की, किंमत हक्कदाराला मिळाली असती, पाण्यावर जगणाऱ्या सगळ्यांना मिळाली नसती. जमीनमालकाने पाणी विकून पैसे घेतले की भात लावणीला जाणाऱ्या बाईची मजुरी बुडते, वाट्याने शेत करणाऱ्याचा वाटा बुडतो, गिरणीवाल्याचे, बैलगाडीवाल्याचे, गावच्या दुकानदाराचे गिऱ्हाईक तुटते. विकण्याच्या कागदावर यांपैकी कोणाचीही सही लागत नाही. सरकारने फुकट नेले तर निदान मोर्चा काढता येतो, न्यायालयात जाता येते. शेजाऱ्याने राजीखुशीने विकले तर दाद कोणाकडे मागायची? आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरेच्या काठचे लातूर मिरजेहून रेल्वेने येणाऱ्या पाण्यावर जगत होते, सिंगूरही कोरडे पडले होते. त्या वर्षी कोणत्याही भावाने त्या नदीत पाणी आले नसते.

चिलीने हा प्रयोग टोकाला नेला. १९८१ च्या तेथील जलसंहितेने पाण्याचे हक्क जमिनीपासून तोडले, फुकट वाटले आणि कायमचे दिले. वीज कंपन्यांनी नद्यांच्या वरच्या भागातले हक्क मोठ्या प्रमाणावर मिळवून ठेवले. न वापरलेल्या हक्कावर शुल्क लावायलाच २००५ उजाडले. पेतोर्काच्या खोऱ्यात टेकड्यांवर परदेशी पाठवायच्या ॲव्होकाडोच्या बागा हिरव्यागार आणि खाली वस्त्यांना टँकर, हे दृश्य जगाने पाहिले. बाजाराच्या भाषेत ते पाणी 'अधिक मोलाच्या' उपयोगाकडे गेले होते. २०२२ मध्ये चिलीने कायदा बदलला: नवे हक्क तीस वर्षांच्या मुदतीचे, आणि माणसाच्या पिण्याला अग्रक्रम. जी गोष्ट पहिल्या दिवशी लिहायची ती एकेचाळीस वर्षांनी लिहिली. कॅलिफोर्नियात तर २०२० च्या डिसेंबरपासून पाण्याच्या भावाचे वायदे शिकागोच्या बाजारात होतात. तेथे सौदा करणाऱ्याला पाणी घेऊन जायला कळशीही आणावी लागत नाही.

ज्याच्याकडे पैशाची पिशवी नाही असा आणखी एक हक्कदार आहे, तो म्हणजे नदी स्वतः. गोव्यातील आणि बेळगावातील वाचक म्हादईच्या वादात दोन बाजूंना उभे आहेत, आणि त्यात पंच होण्याचा प्रस्तुत लेखकाचा मुळीच इरादा नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये लवादाने कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, गोव्याला २४ टीएमसी आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी असे वाटप केले. कर्नाटकाच्या वाट्यातील ३.९ टीएमसी मलप्रभेकडे वळवण्यासाठी आहे. निवाडा कोणाला पटला, कोणाला पटला नाही, आणि तो सर्वोच्च न्यायालयातही गेला. पण तिथे निदान नदीच्या मुखाशी खाऱ्या पाण्याचे काय होईल, अभयारण्याचे काय होईल, हे प्रश्न मांडता तरी येतात. हाच वाद बाजारात नेऊन पाहा. हुबळी-धारवाड बोली लावील, कारखाने बोली लावतील. गोव्याच्या खाजनांत बांध आणि मानस सांभाळून गोड्या आणि खाऱ्या पाण्याचा जो तोल शतकानुशतके राखला गेला, त्याच्या वतीने बोली कोण लावणार? खाजनातल्या भाताला आणि मासळीला भाव आहे. पण त्यांना जगवणारा गोड्या पाण्याचा जो प्रवाह आहे, तो कोणाच्याच खात्यावर जमा नाही.

हे सगळे परक्या मुलखाचे किंवा शेजारच्या राज्याचे म्हणून सोडून देता येत नाही, कारण महाराष्ट्राच्या कायद्यात ही तरतूद २००५ पासून लिहिलेली आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमाने पाणीवापराच्या हक्कांना उपभोगाचे हक्क मानून ते वार्षिक किंवा हंगामी स्वरूपात हस्तांतरित करण्याची, विकण्याची मुभा दिली, प्राधिकरणाच्या नियंत्रणाखाली. त्याच अधिनियमात समन्यायी वाटपाचीही कलमे आहेत. मग पुढे झाले काय? त्याच दशकात मंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील उच्चाधिकार समितीने अनेक धरणांचे सिंचनाचे पाणी शहरांकडे आणि उद्योगांकडे वळवले. आणि २०११ मध्ये अधिनियमात दुरुस्ती होऊन कोणत्या क्षेत्राला किती पाणी द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार मंत्रिमंडळाकडे गेला, जुन्या निर्णयांना संरक्षणही मिळाले. म्हणजे हक्क ठरण्याच्या आधीच हक्काखालचे पाणी हलले. दुसरीकडे, गोदावरीच्या वरच्या धरणांनी जायकवाडीला किती पाणी सोडायचे याचा निर्णय प्राधिकरणाने २०१४ मध्ये दिला आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो उचलून धरला. तुटीच्या वर्षात वरच्याने खालच्यासाठी किती सोडायचे याचे सूत्र ठरले. त्यावरून नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा असे रण माजते हे खरे, पण ते रण ज्या प्रश्नावर माजते तो प्रश्न योग्य आहे.

यावर 'बाजार आला तर उसाची मक्तेदारी मोडेल' असे एक आमिष दाखवले जाते. लागवडीखालील जमिनीचा थोडासा तुकडा व्यापून ऊस सिंचनाच्या पाण्याचा सिंहाचा वाटा पितो, हे तर सर्वमान्य आहे. पण ऊस लावला जातो तो हमीच्या भावामुळे, ठरलेल्या गिऱ्हाइकामुळे आणि कारखान्याभोवतीच्या राजकारणामुळे. हे तसेच ठेवून पाण्याचे हक्क वाटायचे म्हटले, तर ते कोणाला मिळतील? आज जो वापरतो त्याला. वरच्या अंगाला बसून वीस वर्षे दुसऱ्याच्या वाट्याचे पाणी उचलणाऱ्याचा उपसा 'प्रस्थापित हक्क' म्हणून नोंदवला जाईल, आणि शेपटाकडचा शेतकरी, ज्याच्या चारीत पाणी कधी आलेच नाही, तो आपल्याच हक्काचे पाणी त्याच्याकडून विकत घेईल. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

खरी गंमत अशी की, पाणी जमिनीपासून वेगळे करण्याची कल्पना ऑस्ट्रेलियाकडून उसनी आणण्याची आपल्याला गरज नव्हती. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावपासून पाणी पंचायतीचे काम सुरू केले, तेव्हा त्यांनीही हेच केले होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणसांच्या प्रमाणात द्यायचे: घरातील दर माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतके, आणि कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरते. ज्याला जमीन नाही त्या भूमिहीनाचाही पाण्यात वाटा. ऊस लावायचा नाही. आणि जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकता येणार नाही. तो परत समूहाकडे जाईल. मरे-डार्लिंगच्या खोऱ्यात पाणी जमिनीपासून तोडले ते विकता यावे म्हणून. नायगावात ते तोडले ते विकता येऊ नये म्हणून. या दुसऱ्या पद्धतीत कार्यक्षमता नव्हती काय? दरमाणशी अर्धा एकर म्हटल्यावर शेतकऱ्याला ऊस सोडून हंगामी पिकांकडे वळावेच लागले आणि त्याच थोड्या पाण्यावर अनेक कुटुंबे उभी राहिली. साऱ्या योजना सारख्या टिकल्या नाहीत, विजेची बिले आणि आपसांतले तंटे तेथेही होतेच. पण विचार खरा होता, आणि तो याच मातीत, दुष्काळाच्या फुफाट्यात सुचलेला होता. त्याही आधी खानदेशात पांझरा आणि मोसम नद्यांवर फड पद्धत चालत आली. पाणी कमी असेल त्या वर्षी भिजवायचे फडच कमी करायचे, आणि प्रत्येकाची जमीन प्रत्येक फडात असल्यामुळे टंचाई सर्वांना सारखी लागायची. ती व्यवस्था चालवायला दलाल लागत नव्हता. पाटकरी आणि जागल्या पुरे होत.

व्यापार अजिबातच नको, असा या लेखाचा आग्रह नाही. एका चारीवरच्या दोन शेतकऱ्यांनी आपापल्या पाळ्या बदलून घेणे, एका हंगामापुरते पाणी शेजाऱ्याला देऊन त्याबद्दल मोबदला घेणे, हे आपल्याकडे कायद्याशिवायही होत आले आहे आणि होत राहील. ऑस्ट्रेलियाच्या अवर्षणात जे उपयोगी पडले तेही मुख्यतः वर्षापुरते पाणी देणेघेणे होते. प्राधिकरणाने आधी हे करावे: खोऱ्याखोऱ्यातून एकूण किती उचलायचे ते ठरवावे, आणि त्यात विहिरी व कूपनलिका धराव्यात, कारण पाट मोजून विहीर सोडून देणे म्हणजे एका खिशाचा हिशेब आहे. नदीत किती ठेवायचे ते त्यातून वगळावे. पिण्याचे पाणी आणि शेपटाचे हिस्से, भूमिहीनांसह, नोंदवावेत. हे ज्या प्रकल्पात झाले नसेल तेथे विक्रीची परवानगी देऊ नये. जेथे द्यायची तेथे ती एका हंगामापुरती आणि त्याच लाभक्षेत्राच्या आत असावी, पाणीवापर संस्थेच्या सभेत ठराव होऊनच मिळावी, आणि विकायचे ते पिकाने खरोखर पिण्याचे सोडलेले पाणी असावे, झिरपणारे नव्हे. आणि शहराला किंवा कारखान्याला पाणी हवे असेल तर त्याने आधी आपल्या गळक्या नळांचा आणि नदीत सोडलेल्या सांडपाण्याचा हिशेब त्याच सभेपुढे ठेवावा. इंदूर, हैदराबाद आणि वडोदरा यांनीही.